गिटारवर मोड शिकवण्याच्या पद्धती : पार्श्वभूमी

मध्ययुगीन चर्चगायनातील आठ मोडना (मोड म्हणजे स्वरांमधील अंतरांच्या ठरावीक क्रमाने बनणारी स्वरमालिका) प्राचीन ग्रीक नावे नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमारास जोडली गेली, आणि तीही मूळ ग्रीक क्रमाशी न जुळणारी. पुढे बाझेल येथे 1547 साली छापलेल्या एका लॅटिन ग्रंथाने आयोनियन (आजचा मेजर) व इओलियन (आजचा मायनर) यांची, प्रत्येकी दोन रूपांत, भर घालून ही संख्या बारावर नेली. सतराव्या शतकापासून मेजर-मायनर व्यवस्थेने हा पसारा मागे टाकला. आजच्या गिटारवादकाच्या हाती मोड आले ते या जुन्या वाटेने नव्हे, तर प्रामुख्याने 1950 च्या दशकाच्या अखेरीस जॅझने वेगाने बदलणाऱ्या कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांचा) जाच झुगारला तेव्हा. 1959 च्या एका गाजलेल्या ध्वनिमुद्रणात 32 बारच्या (तालाच्या मापांच्या) चक्रापैकी 24 बार डी डोरियन (डी हा आधारस्वर असलेला डोरियन मोड) आणि तिसरे 8 बार ई फ्लॅट डोरियन, एवढाच आराखडा होता. बाकी सारे वादकावर सोपवलेले होते.

हे गिटारच्या वर्गात कसे उतरवायचे, यावरून जो मतभेद झाला तो अजून मिटलेला नाही. सोयीची वाट अशी की, सी मेजरचेच सात स्वर डीपासून सुरू केले की डोरियन, ईपासून केले की फ्रिजियन. गिटारच्या दांडीला ही मांडणी फार मानवते, कारण प्रत्येक तारेवर तीन स्वर घेणारे सात पॅटर्न एकदा बोटांत बसले की ते सरकवून कोणत्याही पट्टीत वाजवता येतात, आणि ते आकृत्यांच्या रूपात छापायलाही सोपे असतात. या पद्धतीचा इतका प्रसार झाला त्यामागे संगीतविचारापेक्षा छपाईची सोय अधिक असावी. कारण विद्यार्थी सहाव्या तारेच्या दहाव्या फ्रेटवरून (दांडीवरच्या पट्टीवरून) ‘डोरियन’ वाजवतो खरा, पण साथीला सी मेजर कॉर्ड चालू असेल, तर बोटे कुठेही असली तरी कानाला आयोनियनच ऐकू येतो.

दुसरी पद्धत आधारस्वर हलू देत नाही. चौथी तार मोकळी छेडून डी घुमत ठेवायचा आणि तिसऱ्या तारेवर 7, 9, 10, 12, 14, 16, 17, 19 या फ्रेटवरून डोरियन बांधायचा. डीला षड्ज मानले तर हे काफी थाटाचेच स्वर आहेत. यातला 16 व्या फ्रेटवरचा शुद्ध धैवत एक फ्रेट खाली, 15 वर आणला की तोच मोड इओलियन होतो, आणि हा फरक आकृती न पाहताही कळतो. डी मायनर आणि जी मेजर या दोनच कॉर्ड आलटून-पालटून वाजवण्याचा प्रघात याच विचारातून रुजला, कारण जी मेजरमध्ये तो शुद्ध धैवत आपोआप येतो. वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारे लूपर पेडल हाताशी आल्यावर एकट्या विद्यार्थ्यालाही अशी साथ स्वतःच तयार करता येऊ लागली.

अलीकडे बरेच शिक्षक दोन्ही पद्धती वापरतात. आधी कोणती, एवढाच वाद उरला आहे. सी मेजरचे स्वर बीपासून सुरू केल्यावर मिळणाऱ्या लोक्रियनपाशी मात्र आधारस्वराची पद्धत अडखळते. त्यात आधारस्वराला शुद्ध पंचम नसल्याने मूळ कॉर्डच अस्थिर ठरते, आणि म्हणून हा मोड बहुधा सातवा पॅटर्न म्हणूनच शिकवला जातो.