डायबेटिस डिस्ट्रेस

शुगर सांभाळता सांभाळता मनावर साचत जाणारा ताण म्हणजे डायबेटिस डिस्ट्रेस. मराठीत याला रुळलेला शब्द नाही, घरोघरी "वैताग आलाय या शुगरचा" एवढंच म्हणतात आणि त्यातच सगळं आलं. हे डिप्रेशन नव्हे. डिप्रेशनमध्ये कशातच मन लागत नाही, इथे ऑफिस, पोरं, मॅच सगळं व्यवस्थित चालू असतं, फक्त शुगर मोजायचं मीटर हातात घ्यायची वेळ आली की पोटात गोळा येतो. अर्थात दोन्ही एकत्रही असतात, डायबेटिस असलेल्यांत डिप्रेशन इतरांच्या साधारण दुप्पट आढळतं, म्हणून डॉक्टरने नीट विचारून फरक ओळखायला हवा. विचारायचं कसं यासाठी १९९५ साली अमेरिकेत विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी २० प्रश्नांची 'पेड' (PAID, म्हणजे 'प्रॉब्लेम एरियाज इन डायबेटिस') प्रश्नावली आणली.

मुळात या कामाला रविवारची सुट्टी नाही. गोळी, सुई, चालणं, पथ्य रोजचंच, आणि एवढं करून खात्री काहीच नाही, तीच भाकरी, तेवढंच चालणं, तरी काल १३० आणि आज १९०. झोप झाली नाही, ताप आला, टेन्शन आलं तरी आकडा चढतो, कारण ताणात कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रिनलिन ही हार्मोन्स वाढतात आणि लिव्हर रक्तात साखर सोडतं. मग त्या आकड्याचंच पुन्हा टेन्शन.

मुंबईत त्यात लोकलची भर. सकाळची विरार फास्ट, अंधेरी सुटली आणि शुगर ७० च्या खाली गेली, दरदरून घाम, हात थरथरतायत, बिस्किटाचा पुडा पर्समध्ये आहे पण गर्दीत हात खाली नेता येत नाही, शेजारणीला वाटतं हिला उकडतंय. असं एकदा झालं की बरेच जण पुढे घरून निघतानाच जास्तीचं खातात, मुद्दाम शुगर चढी ठेवतात. त्यांना बेफिकीर म्हणणं अन्याय आहे, ती भीती असते.

घरचेही नकळत भर घालतात. गणपतीत एक मावशी म्हणते "एका मोदकाने काय होतंय", तेवढ्यात दीर म्हणतो "वहिनी, तुम्हाला चालतो का?", आणि सगळ्यांची नजर ताटाकडे. टाइप १ डायबेटिस (यात रोज इन्सुलिन घ्यावंच लागतं) असलेल्या मुलींची तर लग्न ठरवताना इन्सुलिन लपवायला सांगेपर्यंत वेळ येते. एचबीए१सी या रक्ततपासणीचा रिपोर्ट म्हणजे जणू प्रगतिपुस्तक, त्याआधी आठ दिवस कडक पथ्य, खरं तर त्यात साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दिसते.

ओरडून शुगर उतरत नाही, उलट माणूस तपासणीच टाळायला लागतो. "किती आली?" याऐवजी "कसं चाललंय?" विचारलं, पेशंटसाठी वेगळं न रांधता सगळ्यांनीच तेच जेवण घेतलं, इतर पेशंटशी बोलणं झालं तर बराच भार उतरतो. अगदीच असह्य झालं तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.