मोबाईल होम पार्क, टोर्नेडो आणि कायद्यातला तो 'किंवा'

फार मागचं सांगत बसत नाही. अमेरिकेत जून १९७६ पासून केंद्राचा बांधकाम कोड आला, त्याआधी मोबाईल होमना, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवायच्या घरांना, देशभर एकच नियम नव्हता. कोडनंतर कागदोपत्री नाव 'मॅन्युफॅक्चर्ड होम' झालं, लोक मात्र अजून मोबाईल होमच म्हणतात, त्यामुळे बातमीत शब्द आला तरी घर कोडच्या आधीचं की नंतरचं ते कळतच नाही.

१९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने फ्लोरिडात ही घरं अक्षरशः भुईसपाट केली, मग १९९४ ला घराने किती वारा सोसायला हवा याचे तीन झोन ठरले. किनाऱ्यालगत ताशी १०० नि ११० मैल, बाकी देशात ७०. आणि टोर्नेडोचा, म्हणजे ढगातून जमिनीवर उतरणाऱ्या विनाशी वावटळीचा, जवळपास सगळा पट्टा त्या ७० मध्येच!

घर कितीही घट्ट बांधा, मोठ्या टोर्नेडोत त्यातून बाहेरच पडायचं असतं. पण जायचं कुठे? मोबाईल होम पार्क म्हणजे भाड्याच्या जागेवरची अशा घरांची वस्ती, तिथे घर आपलं, खालची जमीन पार्कमालकाची, म्हणजे शेल्टर (वादळात आसऱ्याची पक्की खोली) बांधायचा की नाही हे रहिवाशाच्या हातात नाही. मिनेसोटा राज्याने यावर कायदा केला आणि माझ्या मते सगळा घोळ तिथल्या एका शब्दात आहे. दहा किंवा जास्त घरांच्या पार्काला १ मार्च १९८८ नंतर लायसन्स मिळालं असेल तर शेल्टर द्यायलाच हवा. त्याआधीच्या पार्कांना मात्र शेल्टर 'किंवा' वाजवी अंतरावरच्या सुरक्षित जागी जायचा प्लॅन. प्लॅनला नगरपालिकेची मंजुरी लागते, प्रत्येक रहिवाशाला त्याची प्रत द्यावीही लागते. मालकांचं म्हणणं, जुन्या पार्कात जागा नाही, खर्च भाड्यावर पडेल, आणि ते अगदीच खोटं नाही. पण इशाऱ्यानंतर हातात असतात दहा-पंधरा मिनिटं, त्यात म्हातारी माणसं, लहान पोरं, रात्र, गाडी नाही, मग वाजवी अंतर म्हणजे नक्की किती? हातातला कागद आणि काँक्रीटची खोली कायद्याने एकाच तराजूत घातली हे मला पटत नाही.

कॅन्ससमधलं अँडोव्हर बघा, २६ एप्रिल १९९१ चा टोर्नेडो. गावचा इशाऱ्याचा भोंगा वाजलाच नाही, पोलिसांची गाडी पार्काच्या गल्ल्यांतून लाउडस्पीकरवर लोकांना बाहेर काढत फिरली. पार्कात शेल्टर होता, दोनशेच्या आसपास माणसं त्यात शिरली नि वाचली, आणि त्याच पार्कात १३ जण गेले.

२००५ च्या नोव्हेंबरात इंडियानातल्या इव्हान्सव्हिलला टोर्नेडो आला तो रात्री दोनच्या सुमाराला, लोक गाढ झोपेत, एकाच पार्कात २० मृत्यू. त्यानंतर त्या राज्याने नव्या मोबाईल होममध्ये वेदर रेडिओ, म्हणजे वादळाचा इशारा आला की आपोआप वाजणारा रेडिओ, सक्तीचा केला. रेडिओ उठवतो हे खरं, पण उठून जायचं कुठे हे तो सांगत नाही.

३ मार्च २०१९ ला अलाबामातल्या ली काउंटीत टोर्नेडोत २३ जण गेले, त्यातले १९ मोबाईल होममधले. आणि दक्षिणेकडे अशी बरीच घरं पार्कात नसतातच, एकेकटी आपापल्या तुकड्यावर उभी असतात, म्हणजे पार्कासाठी केलेला कायदा, 'किंवा' सकट, त्यांना लागूच होत नाही.