एकाच बोटीतली धूळ, दोन वेगळे अर्ज

गोव्यातल्या वास्कोच्या एखाद्या बिल्डिंगमध्ये निवृत्त नौसैनिक आणि जहाज दुरुस्तीवर कंत्राटी काम केलेला फिटर शेजारी शेजारी राहतात. दोघांनीही उमेदीची वर्षे इंजिन रूममध्ये काढलेली, आणि आता दोघांनाही जिना चढताना धाप लागते. पहिल्याला पेन्शन मिळाली की दुसऱ्याला सांगणारे भेटतातच, “त्याला मिळाली तर तुला का नाही? तू पण अर्ज टाक.” फिटर मग नौसैनिकाच्या अर्जाची झेरॉक्स घेऊन फिरतो, आणि चुकीच्या खिडकीसमोर सहा महिने घालवतो.

नौसैनिकाला मिळते ती डिसॅबिलिटी पेन्शन आणि कामगाराला मिळू शकते ती नुकसानभरपाई. दोन्हींचे कायदे वेगळे, पुरावे वेगळे, मुदतीही वेगळ्या.

आधी आजाराविषयी थोडे. 1980 च्या आधी बांधलेल्या जहाजांत वाफेच्या पाइपांवरचे लॅगिंग (उष्णता अडवणारे वेष्टन), बॉयलरचे आवरण, गॅस्केट, आगरोधक पडद्या यांत ॲस्बेस्टॉस सर्रास असे. नव्या जहाजांवर त्याला पूर्ण बंदी आली ती थेट 1 जानेवारी 2011 पासून, आंतरराष्ट्रीय सागरी नियमांमुळे. लॅगिंग शाबूत असते तोवर धोका कमी. ते खरवडून काढताना तंतू हवेत उडतात. वर्षानुवर्षे ते श्वासात गेले तर फुप्फुस कडक होते, तो ॲस्बेस्टॉसिस. फुप्फुसाभोवतीच्या पडद्याचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा, आणि त्याला तुलनेने थोडा संपर्कही पुरतो. दोन्ही आजार दिसायला 20 ते 40 वर्षे लागतात. विडी-सिगारेटचा मुद्दा इथेच समजून घ्यावा, कारण मेडिकल बोर्डापुढे तो हमखास निघतो. ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो; मेसोथेलिओमाचा मात्र धूम्रपानाशी संबंध नाही. “विडी ओढत होतात ना?” हा प्रश्न तिथे गैरलागू आहे.

फुप्फुसाच्या या पडद्यात पाणी झाले की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा. तो चुकीचा असतो असे नाही, पण गोळ्या घेऊनही पाणी पुन्हा भरत असेल तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) बायोप्सीबद्दल विचारावे. नुसत्या ‘जुना खोकला’ एवढ्या शेऱ्यावर यातला एकही अर्ज उभा राहत नाही.

आता नौसैनिकाची वाट. आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे बळावला, हे ठरावे लागते आणि अपंगत्व किमान 20 टक्के भरावे लागते. ते ठरवतो मेडिकल बोर्ड. धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असेच धरायचे, आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर. ऐकायला हे फार चांगले. पण सैनिकी पेन्शनच्या 2008 च्या नियमांत एक खुंटी मारलेली आहे: निवृत्तीनंतर 15 वर्षांनी दावा केला आणि तोवर सेवेची कागदपत्रे नियमानुसार नष्ट झाली असली, तर भार दावेदारावर येतो. आजाराला 30 वर्षे लागतात आणि कागद त्याआधीच जातात! निवृत्तीनंतर उशिरा उमटलेल्या आजाराची सोय नियमांत आहे, पण तिलाही वर्षांची मर्यादा आहे.

तरीही पेन्शनच्या वाटेला एक मोठा आधार आहे. पेन्शन दर महिन्याची, त्यामुळे हक्कही दर महिन्याला नवा. तरसेम सिंग प्रकरणात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उशिरा आलेल्याला दारातून परत पाठवले नाही. थकबाकी मात्र साधारण तीन वर्षांपुरतीच दिली. बोर्डाने नाकारले तर आधी अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. गोव्यासाठी ते मुंबईला बसते. नौसैनिकांच्या सेवा नोंदी मुंबईलाच, मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे.

फिटरच्या बाबतीत यातले काहीच चालत नाही. त्याने आजार आणि काम यांचा दुवा कुठल्या बोर्डापुढे नव्हे, तर मालकाविरुद्ध मांडायचा असतो. 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये सामावला गेला आहे, आणि ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. व्यवसायजन्य आजारांची यादी जुन्या कायद्यात तिसऱ्या परिशिष्टात होती, संहितेतही तिसऱ्याच. ॲस्बेस्टॉसिस, ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा, तिन्ही तिच्यात आहेत. यादीत नाव असण्याचा फायदा असा की जुन्या कायद्याच्या चौकटीत मेसोथेलिओमासाठी त्या मालकाकडे सलग सहा महिने काम दाखवले की आजार कामातूनच आला असे धरले जाते. मालकाला ते खोडून काढावे लागते. ठेकेदार पळाला, बुडाला, तरी मूळ आस्थापनेवर जबाबदारी येते. हे फार थोड्या कंत्राटी कामगारांना माहीत असते.

अडचण आहे ती मुदतीची. जुन्या कायद्यात दावा दोन वर्षांत करायचा होता आणि काम सोडल्यानंतर दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली तरच ती ‘सापडलेल्या’ दिवसापासून मोजायची सोय होती. 30 वर्षांनी उगवणाऱ्या आजाराला दोन वर्षे! उशीर माफ करण्याचा अधिकार आहे, पण तो मागावा लागतो, कारणांसह. माझ्या मते हा कायदा कारखान्यातल्या तुटलेल्या बोटासाठी लिहिला गेला आणि धुळीला नंतर त्यात जागा करून दिली.

रकमेतही तेच. भरपाई एकदाच मिळते, आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने मोजली जाते: 40 व्या वर्षी 184.17, 65 व्या वर्षी 99.37. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला वेतनाच्या 60 टक्के गुणिले हा गुणक. 2020 च्या अधिसूचनेतील 15,000 रुपयांची कमाल धरली तर चाळिशीतल्या माणसाला 16,57,530 रुपये, पासष्टीतल्याला 8,94,330. आजार म्हातारपणीच दिसणार असल्याने ॲस्बेस्टॉसवाल्याच्या नशिबी जवळजवळ नेहमी खालचा आकडा. आणि ईएसआयमध्ये (कामगार राज्य विम्यात) असाल तर त्याच दुखापतीसाठी मालकाकडून भरपाई मागता येत नाही. ईएसआयचाच लाभ घ्यावा लागतो.

मोबाइलवर ‘मेसोथेलिओमा क्लेम’ शोधले तर पहिली दहा पाने अमेरिकन वकिलांची निघतात. तिथले ट्रस्ट फंड अमेरिकेतल्या दिवाळखोर कंपन्यांचे, तिथली पेन्शन अमेरिकन माजी सैनिकांची. वास्कोजवळच्या चिखलीच्या माणसाने तो फॉर्म भरून फोन नंबर देण्यात काही अर्थ नाही.

कागदांचे मात्र आपल्याकडे एक हत्यार आहे. 27 जानेवारी 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगांना आदेश दिला की प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षे किंवा काम सोडल्यावर 15 वर्षे, जे नंतर येईल तोवर जपायची. आदेश त्या उद्योगांना उद्देशून असला तरी जहाज दुरुस्तीच्या वकिलाने तो पुढे करायलाच हवा. ॲस्बेस्टॉसिस हा डॉक्टरने सरकारला कळवण्याचा आजार आहे. गोव्यात त्यासाठी पणजीच्या आल्तिनोला कारखाने व बॉयलर निरीक्षणालय आहे. डॉक्टरांना कळवायला सांगा आणि त्याची प्रत मागून घ्या. गेट पास, हजेरी कार्ड, पीएफचा उतारा, त्या बोटीवर सोबत काम केलेल्या दोघांची शपथपत्रे हे सगळे आजार नसतानाच गोळा करावे.

वास्कोत तिसराही नमुना असतो: नौदलातून निवृत्त होऊन मग यार्डात कंत्राटावर लागलेला. त्याला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, पण कुठल्या वर्षी कुठल्या बोटीवर काय केले हे दोन्हीकडे वेगळे वेगळे दाखवावे लागते. दोन्ही अर्जांत एकच मजकूर उतरवला की सरकार म्हणते धूळ यार्डातली आणि यार्ड म्हणते धूळ नौदलातली.

त्याचे निळे ओव्हरऑल झटकून धुणारी घरची बाई मात्र दोन्ही वाटांच्या बाहेर आहे. कपड्यांवरून घरात आलेल्या तंतूंनी बायकांना मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणे जगभर नोंदलेली आहेत. पण ती ना सैनिक, ना कामगार. तिला उरतो तो निष्काळजीपणाबद्दलचा दिवाणी दावा.