छोट्या पॉवरबोटीच्या केबिनचे वातानुकूलन

साधारण 7 ते 10 मीटर लांबीच्या पॉवरबोटीत नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या भागात, डेकखाली, दोन माणसे जेमतेम झोपतील एवढी केबिन असते. तिथली हवा थंड आणि कोरडी ठेवणारी यंत्रणा बसवणे म्हणजे केबिनचे वातानुकूलन. यातला ‘कोरडी’ हा शब्द मुंबईत ‘थंड’ याच्या बरोबरीने महत्त्वाचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत फायबरचे डेक दिवसभर तापते आणि संध्याकाळी खारा वारा पडला की केबिनमध्ये गादी, लाकूड, कपडे सगळेच ओलसर लागते. पहाटे मतलई वारा सुटेपर्यंत आत डोळा लागत नाही.

घरातला खिडकीचा एसी केबिनच्या भिंतीत बसवण्याचा मोह अनेकांना होतो, कारण तो स्वस्त असतो आणि कुठेही मिळतो. पण त्याच्या मागच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या खाऱ्या हवेत लवकर भुगा होतात आणि तो उंचावर बसवला तर बोट जास्त डुलते. बोटीसाठी बनवलेला एसी उष्णता हवेत नव्हे, समुद्राच्या पाण्यात सोडतो. कॉम्प्रेसर, पंखा आणि दोन्ही कॉइल एकाच तळपाटावर असलेले हे युनिट बहुधा बंकखाली, म्हणजे झोपायच्या फळीखाली मावते. एक पंप बोटीच्या तळातून, गाळणीमार्गे, समुद्राचे पाणी ओढून तांबे-निकेलच्या नळीतून फिरवतो आणि बाजूने बाहेर टाकतो.

क्षमता ठरवताना डेकखालच्या केबिनला दर चौरस फुटामागे साधारण 60 बीटीयू (थंड करण्याची क्षमता मोजण्याचे एकक) आणि वर काचांनी वेढलेल्या केबिनला त्याच्या दुप्पट, असा ढोबळ हिशेब करतात. 80 चौरस फुटांच्या खालच्या केबिनला 5 ते 6 हजार बीटीयू, म्हणजे अर्धा टन, पुरतो. मोठे युनिट घेणे इथे चूक ठरते. ते हवा पटकन गार करून बंद पडते आणि हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. अंगाला गार पण चिकट वाटत राहते. खर्च करण्याआधी डेकवर पांढरे कापडी छत ताणावे. सावली फुकट आहे आणि तिच्यामुळे युनिट एक आकार लहान घेता येते.

मुंबईत खरा प्रश्न पाण्याचा आहे. इथल्या समुद्राचे पाणी वर्षभर साधारण 24 ते 30 अंश सेल्सिअस असते, त्यामुळे कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर सोडणारी कॉइल, गार करायला ते चालते. एका टनामागे मिनिटाला सुमारे 11 लिटर पाणी लागते, म्हणजे अर्ध्या टनाला पाच-सहा लिटर. ते पाच-सहा अंशांनी तापून बाहेर पडते. अडचण त्या पाण्यात काय काय असते याची आहे. उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीतला फरक 4 मीटरच्या पुढे जातो आणि ओहोटीच्या ओढीने तळाचा गाळ वर येतो. गेटवेसमोर तासभर एसी चालवून गाळणीची वाटी उघडली, तर तळाशी करडा, साबणासारखा मऊ चिखल बसलेला दिसतो; त्यात प्लास्टिकच्या पिशवीची चिंधी, कधी जवळ्याचे दोन-चार जीव. एक अख्खी पिशवी तळाच्या तोंडावर बसली की पाणी थांबते, कंडेन्सरमधला दाब चढतो आणि युनिट बंद पडते. म्हणून बाहेर पडणारे पाणी जलरेषेच्या वर, उभ्या माणसाला दिसेल असे सोडतात. धार बारीक झाली की खलाशी गाळणीकडे वळतो. गाळणी हात पोहोचेल अशा जागी नसेल तर ती साफ होत नाही, हे बसवणाऱ्याने पक्के लक्षात ठेवावे. खाडीत ओहोटीला चिखलावर टेकणाऱ्या बोटीत तेवढा वेळ एसी बंदच ठेवावा लागतो.

हा पंप स्वतःहून पाणी वर ओढत नाही; तो जलरेषेखालीच हवा. तळाच्या व्हॉल्व्हपासून गाळणी, तिथून पंप, तिथून युनिट असा होज सतत चढता जावा. मध्ये कुठे वेटोळे झाले तर तिथे हवा अडकते आणि पंप नुसता गरगरतो. तळाला पाडलेले भोक ही बोटीतली सर्वांत नाजूक जागा. तिथे ब्राँझचा व्हॉल्व्ह लागतो. बाजारात पितळी नळ सहज मिळतो, पण खाऱ्या पाण्यात पितळातले जस्त निघून जाते. असा जुना नळ चाकूने खरवडला की आतून गुलाबी, ठिसूळ धातू दिसतो आणि एक दिवस तो हातात तुटून येतो. फायबरच्या दोन थरांमध्ये लाकूड असेल तर भोकाच्या कडा इपॉक्सीने बंद कराव्यात, नाहीतर लाकूड पाणी पिऊन कुजते. हे काम पाण्यात उभ्या बोटीवर होत नाही. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात, त्या काळात छोट्या बोटीही बाहेर काढलेल्या असतात. भोक पाडण्याचा मोसम तोच.

दुसरा प्रश्न विजेचा. बंदरात मूरिंगवर, म्हणजे धक्क्यापासून दूर पाण्यात बांधून उभ्या असलेल्या बोटीला धक्क्याची वीज मिळत नाही. अर्ध्या टनाचे युनिट पंपासह 600 ते 700 वॅट घेते आणि सुरू होताना क्षणभर याच्या कितीतरी पट. सॉफ्ट स्टार्टर लावला तर तो झटका कमी होतो. मांडव्याला रात्री आठ तास मुक्काम करायचा तर कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतो हे धरूनही सुमारे 3 युनिट वीज लागते. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत सव्वा युनिट मावते, म्हणजे निदान तीन बॅटऱ्या हव्यात. शिसे-ॲसिडच्या बॅटरीची अर्धीच क्षमता वापरता येते, त्यामुळे वजन छोट्या बोटीला झेपत नाही. थेट 12 किंवा 24 व्होल्टवर चालणारे कॉम्प्रेसरही मिळतात. त्यांना इन्व्हर्टर लागत नाही.

बॅटरीचा खर्च टाळायला डेकवर पेट्रोलचा हातजनरेटर ठेवला जातो. हे अजिबात करू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. एसीसाठी केबिन घट्ट बंद केलेली असते आणि आत माणसे झोपलेली असतात. वारा मागून असला, किंवा शेजारी बांधलेल्या बोटीचा जनरेटर चालू असला, तरी वायू आत शिरतो. एसी बसवलेल्या प्रत्येक केबिनमध्ये उशाजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. तो नसेल तर काम पूर्ण झाले असे धरूच नये. युनिटने परतीची हवा इंजिनच्या खणातून ओढता कामा नये. दमट रात्री कॉइलवरून तासाला लिटरभराच्या आसपास पाणी गळते. त्याची नळीही इंजिनखालच्या बिल्जमध्ये (तळाशी पाणी साठते त्या खोलगट जागेत) सोडू नये, कारण त्याच नळीतून इंजिनचा वायू उलटा वर येऊ शकतो. पेट्रोल इंजिनाच्या खणात तर ठिणगी न सोडणारी खास उपकरणेच बसवतात.

थंड हवेची जाळी वर, छताजवळ ठेवतात आणि परतीची खाली, म्हणजे गार हवा सबंध केबिनमधून उतरत येते. मोसम संपला की पाण्याच्या नळ्या गोड्या पाण्याने धुतात आणि आत बसलेला क्षार व बार्नेकल (चिकटून वाढणारे कवचाचे जीव) सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने सोडवतात.