पेलेट स्मोकर

लाकडाच्या भुशाच्या दाबीव कांड्या जाळून मंद आचेवर व धुरावर मांस शिजवणारी, विजेवर चालणारी भट्टी. या कांड्या, म्हणजेच पेलेट, साधारण ६ मिमी जाड असतात. १९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर अमेरिकेत घरे उबदार ठेवण्यासाठी हे जळण पुढे आले. १९८० च्या दशकात ऑरेगन राज्यातील जो ट्रेगर यांनी त्यावर चालणारी स्वयंपाकाची भट्टी बनवली.

हॉपर नावाच्या पेटीत पेलेट भरतात. तिच्या तळाचा मळसूत्री दांडा ते थोडे थोडे करून जळणाच्या वाटीत लोटतो, पंखा हवा पुरवतो आणि भट्टीतील तापमान पाहून कंट्रोलर दांड्याची गती बदलतो. विस्तवापाशी बसून राहावे लागत नाही, हेच याचे मोठे सुख. मात्र मध्येच वीज गेली तर वाटीतला विस्तव धुमसत मळसूत्राकडे सरकू शकतो. पेटवताना दोन-तीनशे वॅट लागतात, नंतर फारच कमी. म्हणून घरचा इन्व्हर्टर जोडलेला बरा. अमेरिकी बाजारासाठीचे यंत्र १२० व्होल्टचे असते, आपल्याकडे २३०. घेण्याआधी मागची पट्टी वाचावी.

ठाणे-नवी मुंबईत यंत्राच्या आधी जळणाची चौकशी करावी. कारखान्यांच्या बॉयलरसाठीचे पेलेट अन्नाला चालत नाहीत. त्यांत कसला भुसा आहे याचा भरवसा नसतो. ओक, हिकरी, सफरचंद, चेरी अशा लाकडांचे खाण्यासाठीचेच पेलेट हवेत. मंद आचेला तासाला अर्धा ते एक किलो पुरतात. खरा शत्रू खाडीकाठची दमट हवा. ओल लागली की पेलेट फुगून पुन्हा भुसा होतात आणि मळसूत्रात घट्ट रुतून बसतात. ऐरोली असो की घोडबंदर, पावसाळाभर हॉपर रिकामाच ठेवावा व उरलेले पेलेट घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत.

बेलापूर-नेरूळची रो-हाउस किंवा गावठाणातले अंगण ही याची जागा. बंद बाल्कनीत ही भट्टी पेटवूच नये. कार्बन मोनॉक्साइड साचतो.

मांस १०७ ते १२० अंश सेल्सियसवर शिजवतात. डुकराच्या खांद्याचे मांस आतून ९३ अंशांपर्यंत गेले की हाताने सुटते. वाटेत ७० अंशांच्या आसपास तापमान तासन्‌तास अडते, कारण मांसाला सुटणारे पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेते. घाबरून आच वाढवण्यापेक्षा फॉइलमध्ये गुंडाळावे. बोकडाच्या रानेत, म्हणजे मांडीत, चरबी कमी, ती लवकर कोरडी पडते. तिलाही गुंडाळणे मानवते. कोंबडी आतून ७४ अंशांवर तयार होते. आपले दुकानदार न विचारता कातडी सोलतात, म्हणून ‘कातडी ठेवा’ असे आधीच सांगावे; शेवटी आच वाढवली नाही तर ती रबरासारखी राहते.

पेलेट स्वच्छ जळतात, त्यामुळे धुराची चव सौम्य येते. पनवेल-उरणकडच्या पोपटीतला (मडक्यात भाजलेल्या शेंगा-कोंबडीतला) मडक्याचा आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास ज्यांच्या नाकात बसला आहे, त्यांना ती फिकीच वाटेल.

दर खेपेला वाटीतली राख काढावी. आधीचे न जळलेले पेलेट तिथे राहिले आणि पुन्हा पेटवले, तर ते एकदम भडकतात.