बत्तीसची गोळी आणि जिलेटिनची लादी

कोल्हापुरात निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्रं जमा करण्याच्या नोटिसा निघतात. आजरा-चंदगडकडच्या पीक संरक्षणाच्या बंदुका येतात, तशी शहरातल्या बांधकामवाल्यांची, फाउंड्रीवाल्यांची बत्तीसची, म्हणजे ०.३२ इंच मापाची, रिव्हॉल्व्हरंही येतात. काडतूस जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर लांब. पितळी केस, बुडाला खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘केएफ’ ही खूण आणि वर गोल टोकाचं शिसं. त्याकडं बघत कुणीतरी हटकून विषय काढतो, अमेरिकेत म्हणे अमुक गोळी जिलेटिनमध्ये, म्हणजे माणसाच्या मांसाऐवजी चाचणीला वापरतात त्या जेलीच्या लादीत, इतके इंच गेली. या इंचांचा आपल्या बत्तीसशी संबंध किती, हे समजायला सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं.

कोणती गोळी माणसाला थांबवते, या वादाचा एक धागा थेट हिंदुस्थानातून निघतो. वायव्य सरहद्दीवर रायफलची नवी, धातूचं कवच असलेली बारीक गोळी माणसाच्या आरपार जाते, पण तो थांबत नाही, अशी इंग्रज सैन्याची तक्रार होती. म्हणून कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोक उघडं ठेवलेली, शरीरात फुलणारी गोळी तयार केली. रिव्हॉल्व्हरसाठीही १८९८ मध्ये .४५५ वेब्लीची पोकळ टोकाची ‘मॅनस्टॉपर’ आली. पुढच्याच वर्षी हेगच्या परिषदेनं युद्धात फुलणाऱ्या गोळ्यांना मनाई केली आणि ती लष्करातून मागं घेतली गेली. ही मनाई युद्धापुरती होती. पोलीस आणि नागरिक तिच्या कक्षेत नव्हते. पोकळ टोकाच्या गोळ्या पुढं पोलिसांकडं दिसतात आणि सैन्याकडं सहसा नाहीत, त्याचं मूळ इथं आहे.

अमेरिकेला हाच धडा फिलिपिन्समध्ये मिळाला. तिथं .३८ लाँग कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या खाऊनही मोरो, म्हणजे तिथले मुस्लिम, योद्धे चाल करून येत. १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर आणि वेगळ्या ठिकाणी मानवी मृतदेहांवर गोळ्या झाडून पाहिल्या. त्यांतली सर्वांत बारीक ७.६५ मिमी लुगरची गोळी जाडीला आपल्या बत्तीसच्या आसपासची, वेगाला मात्र कितीतरी सरस; तरी ती नापास झाली. .४५ पेक्षा लहान गोळी नको, असा निष्कर्ष निघाला आणि पुढं १९११ चं .४५ पिस्तूल आलं. जनावरं मोजकी, प्रत्येकाला बसलेला मार वेगळा. आजच्या नजरेनं ही चाचणी कच्चीच. तरी पुढं कित्येक दशकं तिचा दाखला दिला गेला.

खरी शिस्त आणली ती डॉ. मार्टिन फॅकलर यांनी. व्हिएतनाममध्ये शस्त्रक्रिया केलेला हा लष्करी सर्जन. १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या लेटरमन संस्थेत त्यांनी दहा टक्के जिलेटिनचं, चार अंश सेल्सिअसला थंड केलेलं माध्यम पक्कं केलं, कारण त्यात गोळी जितकी खोल जाते तितकीच साधारण स्नायूत जाते. प्रत्येक लादीवर आधी छर्ऱ्याच्या बंदुकीनं एक छर्रा सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगानं मारायचा. तो साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास थांबला तरच लादी ग्राह्य. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत प्रत्येक हीटबरोबर, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूबरोबर, तपासणीसाठी टेस्ट बार ओततात, तसाच हा प्रकार. टेस्ट बारशिवाय आलेल्या कास्टिंगचा आकडा इथला कुठला इन्स्पेक्टर मान्य करेल? घरी गोठवलेल्या जेलीवरच्या चित्रफितींना मात्र आपण बिनदिक्कत मान डोलावतो.

हे सगळं प्रयोगशाळेतच राहिलं असतं. पण ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. एका गुन्हेगाराला सुरुवातीलाच लागलेली ९ मिमीची फुलणारी गोळी दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडं थांबली. तो त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला. चकमक संपवली ती जखमी एजंटच्या रिव्हॉल्व्हरनं. त्यानंतर एफबीआयनं निकष आखला: गोळी जिलेटिनमध्ये किमान १२ इंच जावी, १८ च्या फार पुढं नको, आणि जाड कपडे, पत्रा, प्लायवूड, गाडीची काच आड असतानाही. त्याआधी सरकारी पातळीवर शरीरात क्षणभर उघडणाऱ्या पोकळीच्या आकारावरून गोळ्यांना गुण देण्याची पद्धत होती. त्या गुणांत उथळ जाणाऱ्या गोळ्याही वर यायच्या. माझ्या मते मायामीनं गोळ्यांपेक्षा ही मोजण्याची रीतच बदलली.

रिव्हॉल्व्हरची अडचण आणखी निराळी. सिलिंडर आणि नळी यांच्या फटीतून थोडा वायू निसटतो. दोन इंची नळीत वेग इतका घटतो की पोकळ टोक अनेकदा फुलतच नाही. टोकाच्या पोकळीत कपड्याचा बोळा भरला तर गोळी साध्या गोळीसारखीच जाते. हलक्या हत्याराच्या धक्क्यानं सिलिंडरमधल्या उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या पुढं सरकून चक्र अडकू शकतं. म्हणून रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांची चाचणी नुसत्या लादीपाशी संपत नाही.

आता आपल्याकडं या. आपलं बत्तीसचं काडतूस म्हणजे .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग, १८९६ चं. गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे सहा ग्रॅमहून थोडी जास्त, वेग सेकंदाला साधारण २१५ मीटर. अमेरिकेत पोलिसांनी ते केव्हाच मागं टाकलं. आपल्या परवानाधारकाकडं ते आलं ते कुठल्या लादीवर पास होऊन नव्हे. .३८, .४५५, ९ मिमी ही लष्कर-पोलिसांची मापं प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्यांना मनाई असलेल्या नळीच्या मापांत, गेली, सामान्य माणसाला बत्तीस उरलं. बोअर कायद्यानं ठरवला आणि काडतूस बराच काळ सरकारी कारखान्याचंच, त्यामुळं ‘कोणती गोळी घ्यावी’ हा अमेरिकी प्रश्न इथं पडायचं कारणच नव्हतं. गंमत म्हणजे हेच काडतूस, सपाट टोकाच्या गोळीसह, २५ मीटर सेंटर फायर या नेमबाजीच्या स्पर्धेत जगभर आवडीनं वापरतात. धक्का कमी, नेम अचूक. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत या नेमबाजांच्या गावात अचूकतेचं महत्त्व कुणाला सांगायला नको, पण कागदाला भोक पाडणं आणि अंगावर येणाऱ्याला थांबवणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

२०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्यानं महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे पाचशे ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर काढलं, तेव्हा बोलणं झालं ते सव्वा लाखाच्या आसपासच्या किमतीचं आणि वजनाचं. काडतूस तेच बत्तीसचं होतं. ते आखूड नळीतून किती खोल जातं, हे परवानाधारकानं स्वतः तपासायचं म्हटलं तरी त्याच्याकडं काडतुसं परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच, आणि रानात बार काढून बघणं म्हणजे परवान्यावर पाणी सोडायची तयारी.