पट्टी कोणती धरायची? बडोद्यातल्या तरुण समूहगानाची पार्श्वभूमी

समूहगानाच्या तालमीत पहिला वाद होतो तो पट्टीचा, म्हणजे पेटीवरचा कोणता सूर 'सा' धरून गायचं याचा. मुलगे काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी) सोडत नाहीत, मुलींना काळी चार हवी असते. काळी एकचा पंचम, म्हणजे 'प', हीच काळी चार, एवढं हे अंतर. मधली एखादी पट्टी धरली, तर मुलींचे खालचे स्वर पुटपुटल्यासारखे येतात आणि तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, मुलांच्या गळ्याच्या शिरा ताणतात.

मूळ वयातच आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुलाचा आवाज फुटतो आणि साधारण एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही बदलतो, पण थोडाच. युरोपात चर्चच्या गायकवृंदात वरची ओळ मुलगे गात. आवाज फुटला की त्या ओळीतली त्यांची जागा जाई. बालवृंद आणि प्रौढांचा वृंद यांच्यामधल्या या वयासाठी पुढे स्वतंत्र वृंद निघाले. ब्रिटनचा राष्ट्रीय युवा गायकवृंद 1983 चा, जागतिक युवा गायकवृंद 1989 चा. तिथे पट्टीचं भांडण फारसं होत नाही, कारण सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा उंच आवाजापासून खर्जापर्यंतच्या ओळी वेगळ्याच लिहिलेल्या असतात. ज्याला जे झेपेल ते त्यानं गावं.

आपल्याकडे चाल एकच आणि ती सगळ्यांनी गायची. बडोद्यात याची मुळं शोधायची तर 1886 पर्यंत जावं लागतं. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने गायक मौलाबक्ष यांनी त्या वर्षी गायनशाळा सुरू केली. गुरूच्या घरी पाणी भरून एकेका बंदिशीची वाट पाहण्याचा तो काळ. गायनशाळेत मात्र वर्ग, अभ्यासक्रम आणि मौलाबक्षांनी स्वतः तयार केलेली स्वरलिपी. वर्ग आला की एका सुरात सरगम म्हणणं आलंच. समूहगान हा त्या शाळेचा हेतू नव्हता. माझ्या मते ते शिकवण्याच्या सोयीतून निघालं. ऐकून तयार होणाऱ्या गाण्यात दहा गळ्यांच्या दहा हरकती, म्हणजे स्वरांच्या लहान लहान वळणांच्या दहा तऱ्हा, होतात. फळ्यावर लिहिलेलं गाणं मात्र दहाजण सारखं गाऊ शकतात.

1916 मध्ये संगीतशास्त्रज्ञ वि. ना. भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यातच. 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं. सूरसागराकाठची जुनी गायनशाळा आज त्याच विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्‌स शाखा आहे. मराठी घरांत सामुदायिक गाणं त्याआधीपासून होतंच, आरत्यांचं आणि भजनांचं. पण तिथे पट्टी कोण विचारतो! आजीचा सूर लागेल ती पट्टी.

एका चालीखाली दुसरी ओळ घालण्याचा ठळक प्रयोग दुसरीकडे झाला. गायिका-अभिनेत्री रुमा गुहाठाकुरतांनी 1958 मध्ये संगीतकार सलील चौधरी आणि सत्यजित राय यांच्या साथीने कलकत्ता यूथ क्वायर उभा केला, पुढे संगीतकार एम. बी. श्रीनिवासन यांनी मद्रासला तसाच युवावृंद बांधला. तिथे मुलांना त्यांच्या आवाजापुरती ओळ मिळाली.

बडोद्यातल्या कॉलेजच्या मुलांसमोर असते ती युवक महोत्सवाची नियमावली. आंतरविद्यापीठ महोत्सवात भारतीय समूहगान आणि पाश्चात्त्य समूहगान या दोन वेगळ्या स्पर्धा, गायक जास्तीत जास्त सहा. भारतीय गटात एक देशभक्तिगीत, एक लोकगीत, चित्रपटगीत चालत नाही. सहाजणांना वृंद म्हणायचं का, हा प्रश्न आहेच. तरी तीन मुलगे, तीन मुली उभ्या राहिल्या की पेटीवाला भाता सोडतो आणि विचारतो, "बोला, काळी एक की काळी चार?"